मी मस्कतला होते तेव्हा

मी मस्कतला होते ते चार महिने माझे कपडे आतल्या खोलीत वाळायचे. खाटेवरून आडवी दोरी बांधली होती, तिच्यावर. मागच्या अंगणात आईच्या साड्या आणि अप्पांचे शर्ट उन्हात असत, आणि माझे सलवार-कमीज पंख्याखाली दोन-दोन दिवस ओलसर राहत. त्यांना एक कुबट वास यायचा. दमट हवेत कपाट उघडलं की तो वास मला अजून कधीतरी येतो, आणि मी आधी खिडकी बंद आहे ना ते बघते.

मी मस्कतला नव्हतेच. हुबळीत, केशवापुरात, आमच्याच घरात होते. पण हे फक्त आई, अप्पा आणि मी, एवढ्यांनाच माहीत होतं. आणि ज्याच्या कपाटात माझा पासपोर्ट होता, त्या माणसाला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अप्पांचं बाजारात भांड्यांचं दुकान. आजोबा मिरजेकडून आले, त्यामुळे घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि मला घातलेलं कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे माझ्या डोक्यात इंग्रजी. बी.ए. झाल्यावर मी धारवाडला जाऊन लहान मुलांना शिकवायचा एक कोर्स केला. मुलांशी मला बोलता यायचं. मोठ्यांशी नाही. घरी आलेल्या माणसाला पाणी नेऊन द्यायलासुद्धा आईला मला दोनदा सांगावं लागे. माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं होतं, आणि ओळीनं बसलेल्या अनोळखी माणसांसमोर ट्रे घेऊन जायचं या कल्पनेनंच मला ताप भरायचा. म्हणून मस्कतच्या एका भारतीय शाळेत बालवर्गाला शिक्षिका हवी आहे, दोन वर्षांचा करार, असं अप्पा घरी येऊन म्हणाले तेव्हा मी पहिल्यांदाच न विचारता बोलले, "मी जाते." मला कुणी ओळखत नाही अशा गावात राहायची मला फार इच्छा होती.

ही बातमी आणणाऱ्या माणसाचं ऑफिस एका फोटो स्टुडिओच्या वर होतं. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, आवाज कधी न चढवणारा. गिऱ्हाइकांशी कन्नडमध्ये बोलायचा आणि आमच्याशी घाटावरच्या मराठीत. "आपल्याकडचा आहे," अप्पा म्हणाले. तरी त्यांनी चौकशी केली नाही असं नाही. मिरजेच्या नातेवाइकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं की घराणं चांगलं, वडील शाळामास्तर होते, आई देवभोळी, एक बहीण सांगलीला चांगल्या घरी दिलेली. अप्पांनी ते पत्र आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. लग्नाच्या चौकशीत जे जे विचारतात ते सगळं आम्ही विचारलं होतं. माणसं परदेशी पाठवायचा परवाना त्याच्याकडे आहे का, एवढंच विचारलं नाही. पुढं मी एकदा तसं म्हणाले तर अप्पा म्हणाले, "अगं, घरचं माणूस म्हणायचं आणि त्याच्याकडं कागद मागायचा?"

आणि एक गोष्ट मी केली नाही. करार इंग्रजीत होता. शाळेचं पत्र छान होतं, वर घुमट आणि खजुराच्या झाडाचं चित्र होतं, पण पत्ता म्हणून नुसता पोस्टाच्या पेटीचा नंबर. आणि सही करायच्या करारात शाळेचं नाव कुठंच नव्हतं. शिक्षिका हा शब्दही नव्हता. कामाच्या रकान्यात लिहिलं होतं की मालक सांगेल ते. घरात ते वाचू शकणारी मी एकटीच. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "सगळं नीट आहे न्हवं?"

मी म्हटलं, "हो."

पासपोर्ट त्यानं ठेवून घेतला, व्हिसासाठी. पदवीचं सर्टिफिकेट आणि मूळ मार्क्सकार्डं पण घेतली, मुंबईला शिक्के मारून आणायला. झेरॉक्स चालणार नाही म्हणाला.

मग निरोपाची जेवणं सुरू झाली. आमच्या गल्लीतून परदेशी जाणारी मी पहिलीच मुलगी. पाच घरांनी जेवायला बोलावलं, पाटावर बसवलं, ओटी भरली. लग्न ठरलेल्या मुलीला करतात तसं सगळं, फक्त नवऱ्याचा विषय सोडून. समोरच्या काकूंनी लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली, तोंडाला फडकं बांधून वर मेण ओतलेलं. "सांडलं तर विमानवाले खाली उतरवतील बघ तुला," त्या म्हणाल्या. "आणि तिथं एकटीनं खाऊ नको. उंटाला पण थोडं दे." सगळे हसले. मी मान खाली घालून बसले होते. मांडीवर सात ब्लाउजपीस होते.

अप्पा आणि मी मुंबईला गेलो. त्याचा माणूस तिकीट आणि पासपोर्ट घेऊन एका लॉजवर येणार होता. आम्ही त्या लॉजवर तीन दिवस बसलो. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी अप्पांनी खालच्या एसटीडी बूथवरून हुबळीला त्याच्या ऑफिसात फोन लावला. तो शांतपणे म्हणाला की व्हिसावर एक शिक्का राहिलाय, तुम्ही परत या, आठ दिवसांत दुसरं तिकीट काढतो.

मग अप्पांनी घरी फोन लावला. घरी म्हणजे समोरच्या काकूंकडे, कारण आमच्याकडे फोन नव्हता. मी बूथमध्ये त्यांच्या खांद्याला लागून उभी होते, त्यामुळे पलीकडचं मला ऐकू येत होतं. काकूंनी आईला हाक मारून आणलं. अप्पा म्हणाले, "अगं, काम झालं न्हाई. आम्ही दोघं परत येतोय."

पलीकडून आईचा आवाज, नेहमीपेक्षा मोठा: "पोचली का? बरं बरं. सुखरूप ना? विमानात त्रास नाही ना झाला?"

"अगं, काय बोलतेस तू?"

"हो, हो. काकू इथंच आहेत. त्यांना सांगते."

अप्पांनी रिसीव्हर कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आईनं हे ठरवून केलं नव्हतं. काकू बाजूला उभ्या राहून तिच्या तोंडाकडे बघत होत्या, गल्लीतल्या आणखी दोघी दारात होत्या, आणि पाच घरांनी माझी ओटी भरली होती. पुढं आईनं मला एवढंच सांगितलं, "माझ्या तोंडातून तेच आलं बघ. आठच दिवसांचा तर प्रश्न होता."

आम्ही भर दुपारी परतलो, गल्ली जेवून आडवी होते त्या वेळेला. रिक्षा मागच्या बाजूला थांबवली. मागचं दार उघडं होतं. आईनं मला आत ओढलं, माझ्या चपला उचलल्या आणि ट्रंकेत टाकल्या. त्या चार महिने ट्रंकेतच होत्या.

आठ दिवसांचे पंधरा झाले, मग महिना. मी मधल्या खोलीत राहायची. पुढची खोली आणि मधली खोली यांच्यामध्ये दाराऐवजी पडदा होता. पुढं कुणी आलं की मी खाटेवर पाय वर घेऊन बसे, कारण पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. शिंक आली तर उशीत. खोकला झाला तेव्हा आईनं रेडिओ लावून ठेवला. मला लोकांसमोर जायला आवडत नसे, त्यामुळे पहिले काही दिवस, खरं सांगायचं तर, मला बरं वाटलं. कुणी स्थळ आणत नव्हतं. कुणी विचारत नव्हतं पुढं काय. मग एके दिवशी खिडकीच्या फटीतून मी समोरच्या गेटवर वाळत घातलेल्या सतरंजीकडे बघत होते आणि लक्षात आलं की मी तासभर तिचे पट्टेच मोजत आहे.

लोणच्याचं मेण आईनं दुसऱ्या आठवड्यात फोडलं. उंटासाठी काही उरलं नाही.

काकू रोज विचारायच्या, "पत्र आलं का?" शेवटी आई माझ्यासमोर कागद घेऊन बसली. "दोन ओळी लिही. त्या सोडत नाहीत मला." मी मराठीत कधी पत्र लिहिलं नव्हतं. शाळेत मराठी नव्हतीच. मी समुद्राविषयी लिहिलं, जो मी मुंबईत लॉजच्या गच्चीवरून जेमतेम पाहिला होता. वर्गातल्या मुलांविषयी लिहिलं. एक मुलगा रोज एकाच पायात मोजा घालून येतो असं लिहिलं. आईनं पाकीट दाखवायचं टाळून नुसता कागद नेला आणि काकूंच्या ओट्यावर बसून वाचला. मी पडद्यामागून ऐकत होते.

"बघा की," काकू म्हणाल्या, "इथं होती तोवर तोंडातून शब्द फुटत नव्हता. तिकडं जाऊन मराठी सुधारली पोरीची."

मी तशी पाच पत्रं लिहिली. एक मोजा घालणाऱ्या मुलाची काकूंना सगळ्यात जास्त काळजी होती. त्याच्या आईला कुणीतरी सांगायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

मधेच धारवाडच्या एका शाळेतून, जिथं मी पूर्वी अर्ज केला होता, बालवर्गाच्या मुलाखतीचं कन्नडमधलं पत्र आलं. मूळ कागदपत्रं घेऊन या. अप्पांनी ते वाचलं, घडी केली आणि त्या माणसाच्या ऑफिसात गेले. नोकरी नको, आमचे कागद तेवढे परत दे, असं सांगायला. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांनी चपला काढायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

त्यानं चहा मागवला होता. म्हणाला होता, "अण्णा, अख्खा बाजार सांगतोय तुमची मुलगी मस्कतला पोचली म्हणून. वहिनींनीच सांगितलंय. मग आता तुम्ही कुणाचा पासपोर्ट मागताय?"

अप्पा म्हणाले की मी पोलिसांत जाईन.

"जावा की. मुलीला घेऊन जावा. तिथं काय सांगणार? परदेशी गेलेली मुलगी तक्रार द्यायला आलीय?" मग आवाज आणखी खाली आणून, "थोडं थांबा. दुसरा चान्स येतोय. बोभाटा केला तर माझा काय होणार, तुमचाच होईल. उद्या हिला स्थळं बघायची आहेत तुम्हाला."

आई भिंतीला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "माझ्यामुळं झालं."

"गप बस," अप्पा म्हणाले. रागानं नाही. मुलाखतीचं पत्र अप्पांच्या खिशात तसंच होतं. मी ते काढून घेतलं आणि ब्लाउजपीसांच्या खाली ठेवलं.

होळी झाली आणि ऊन तापायला लागलं. एका सकाळी अकराच्या सुमारास पुढच्या दारात काकूंचा आवाज आला. "अहो, तुमच्याकडं माणसं आलीत. पत्ता शोधत माझ्या दारात आली, म्हटलं मीच सोडते." मी पाय वर घेतले. पडद्याच्या कडेच्या फटीतून दिसलं की काकूंच्या मागे एक बाई आहे, पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी. आणि तिच्यामागं सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी, केसांना भरपूर तेल लावलेली.

"आमी अळणावरच्या बाजूनं आलोय, अक्का," बाई खाली बसत म्हणाली. "त्या ऑफिसातल्या सायबानी तुमचं घर सांगिटलं. केशवापुरात इचारा म्हनला. तुमच्या पोरगीला त्येनीच धाडलंय न्हवं मस्कतला?"

आई काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "हो तर. चार महिने झाले. काय सुंदर पत्रं येतात तिची."

"खुशाल हाय?"

"खुशाल आहे," आई म्हणाली.

"मग बरं झालं. हिला बी त्याच शाळंत लावतो म्हनलाय. आया म्हनून. पोरं धुवायची, पुसायची. तुमची पोरगी तिथं बाई हाय, ती बघंल हिच्याकडं, असं म्हनला." तिनं पिशवी मांडीवर घेतली. "आज पासपोर्ट द्यायचाय त्येला. आनि शाळंचा दाखला. दोनी सोडून जावा म्हनतोय. माझं मन काय होईना. हिचा बाप न्हाई, मी दुसऱ्याच्या रानात जाते. म्हटलं, ज्येनी आपली पोर धाडलीया त्या आईला एकदा इचारावं. तुमी दिला हुता का त्येच्या हातात?"

मला आईची पाठ दिसत होती आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळणारा हात. ती खोटं बोलणार नाही असं मला वाटलं, आणि ती खरं बोलू शकणार नाही हेही. शेवटी ती म्हणाली, "दिला होता."

"मग झालं तर," बाई म्हणाली. तिचा सुटलेला श्वास मला आत ऐकू आला. "ए, पाया पड अक्काच्या."

मुलगी वाकली. उठताना ती आईला म्हणाली, "तुमची ताई तिथं हाय म्हनून मला भ्या वाटत न्हाई. ताईंना काय निरोप द्यायचा का?"

मी काही विचार केला असं आता सांगितलं तर ते खोटं होईल. मला आठवतं ते एवढंच की फरशी थंड होती आणि पडद्याचं कापड हाताला खरखरीत लागलं. मी घरातल्या मळक्या गाउनमध्ये होते. केस विंचरलेले नव्हते. पुढच्या खोलीत चार बायका होत्या आणि त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे ज्या गोष्टीची मला आयुष्यभर भीती वाटत आली होती तीच.

"देऊ नका," मी म्हणाले. आवाज फुटला नाही, म्हणून परत म्हणाले. "त्याला काही देऊ नका. मी गेलेच नाही. माझे कागद त्याच्याकडे आहेत."

बाईनं पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. मुलगी माझ्याकडे आणि मग आईकडे बघत होती. आई खाली बसली, अगदी हळू, जशी गुडघे दुखणारी म्हातारी बसते, आणि तिनं पदर तोंडावर घेतला.

काकू सर्वांत शेवटी बोलल्या. "कधी आलीस?"

"गेलेच नव्हते, काकू. मुंबईहून परत आलो."

"आणि पत्रं?"

"मीच लिहिली. आतल्या खोलीत."

"तो एक मोजा घालणारा पोरगा?"

"नाही तसा कुणी."

काकूंनी कपाळावर हात मारला. वाटलं, आता बाहेर जाऊन सगळ्या गल्लीला गोळा करतील. त्यांनी नंतर ते केलंच, संध्याकाळपर्यंत. पण त्या क्षणी त्या आईकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अहो, चार महिने ह्या पोरीला ऊन दाखवलं नाही तुम्ही? रंग बघा तिचा. लोणचं तरी घातलंत का खायला?" आई पदराआडून हो म्हणाली.

बाईला सगळं परत एकदा सांगावं लागलं, सावकाश. मी तिला काय विचारायचं ते सांगितलं. त्याच्या परवान्याचा नंबर, शाळेचा खरा फोन, करारात कामाचं नाव. तिनं शाळेचं पत्र आणि करार बरोबर आणले होते. पत्रावर तेच खजुराचं झाड, करारात तोच रकाना, मालक सांगेल ते. मी तो तिला मराठीत वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हंजे कुठं बी ठेवून घेनार, आनि काय बी करायला लावनार."

"हो."

"तुमाला हे आदीच वाचता येत हुतं न्हवं, ताई?"

तिनं टोमणा मारला नव्हता. ती खरंच विचारत होती. मी करार घडी करून तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी अप्पा, मी आणि त्या मायलेकी पोलीस स्टेशनला गेलो. माझ्या चपला ट्रंकेत राहून वाकड्या झाल्या होत्या, म्हणून मी आईच्या घातल्या, एक नंबर मोठ्या. गल्लीत दोन ओट्यांवर बोलणं थांबलं. कुणीतरी म्हणालं, "मस्कतचं विमान आलं वाटतं." अप्पांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मी पण. कोपऱ्यापर्यंतचं ते अंतर मला त्या दिवशी मुंबईइतकं वाटलं.

स्टेशनात टेबलामागच्या माणसानं माझ्याकडे बघून पहिला प्रश्न विचारला, "यावाग बंद्री?" परत कधी आलात? त्यालाही बाजारातली बातमी माहीत होती.

"होगे इल्ल," मी म्हणाले. गेलेच नाही. दोन दिवसांत तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी थोडं सोपं जात होतं, पण थोडंच.

त्यानं कोरे कागद पुढं सरकवले. जे झालं ते पहिल्यापासून लिहा म्हणाला, इंग्रजीत लिहिलंत तर बरं. आम्ही भिंतीजवळच्या बाकावर बसलो. मी लिहीत होते, अप्पा शेजारी बसून माझ्या हाताकडे बघत होते. एक पान झालं तेव्हा ते म्हणाले, "काय लिहिलंस ते सांग मला. सही मलाबी करायचीय."

मी एकेक ओळ मराठीत सांगायला लागले. ऑफिस कुठं होतं, कागद कुठल्या दिवशी दिले, मुंबईत किती दिवस थांबलो. मग ती ओळ आली. मी ती लिहिली होती, कारण पहिल्यापासून लिहा असं सांगितलं होतं. मी बोट तिच्यावर ठेवलं आणि म्हणाले, "करारात शाळेचं नाव नव्हतं, हे मला सही करतानाच दिसलं होतं. मी घरात कुणाला सांगितलं नाही. मला जायचं होतं."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला ती बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पंखा करकरत होता. अप्पांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत घातला. काच आधीपासूनच स्वच्छ होती.

"पुढं वाच," ते म्हणाले.